चोळमंडळाचा किनारा आणि माणसांचा व्यापार

गुलामांच्या व्यापाराचा विषय निघाला की मराठी वाचकाच्या मनश्चक्षूंसमोर अटलांटिक महासागर उभा राहतो. ते स्वाभाविकही आहे. पंधराव्या शतकात पोर्तुगीजांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे धरून नेण्यास प्रारंभ केला. पुढे ब्राझील व कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांनी त्या व्यापाराला अक्राळविक्राळ रूप दिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांवर चढवली गेली. त्यांपैकी पैलतीरी जिवंत उतरली ती एक कोटी सात लाखांच्या आसपास. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सज्जनांना अर्पण केला, त्यांनी हीच प्रथा मोडण्यासाठी झीज सोसली होती. परंतु या व्यापाराचा एक पदर भारताच्या पूर्व किनाऱ्यावरून, आज चेन्नई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नगरीतून गेलेला आहे आणि मराठ्यांच्या इतिहासाची गाठ त्याला एकाहून अधिक ठिकाणी बसली आहे, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच बोलली जाते.

चेन्नईच्या उत्तरेस पळवेर्काडू नावाचे खाडीकाठचे गाव आहे. युरोपीय कागदांत त्याचे नाव पुलिकत. डचांनी १६१३ साली तेथे गेल्ड्रिया हा किल्ला बांधला तो कापडासाठी. मसाल्यांच्या बेटांवर सोन्यारुप्यापेक्षा चोळमंडळाच्या लुगड्यांना व छिटांना अधिक मागणी होती. १६२१ साली डच गव्हर्नर जनरल कूनने बांदा बेटांवरील मूळ रहिवाशांचा जवळजवळ उच्छेद केला आणि जायफळाच्या बागा राबवण्यास माणूस उरला नाही. नेमक्या त्याच सुमारास चोळमंडळात पाऊस फसला होता व दुष्काळ पडला होता. १६२२-२३ मध्ये पुलिकत, देवनांपट्टणम् अशा बंदरांतून सुमारे १,९०० माणसे डच जहाजांतून नेण्यात आली. हाती पैसा असता तर आणखी दोन हजार विकत घेता आली असती, अशी खंत कंपनीच्या नोकरांनी नोंदवून ठेवली आहे. ती व्यक्त करताना लेखणी कोठेही अडखळलेली नाही.

येथे या व्यापाराचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावयास हवे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून तो शतकानुशतके अखंड चालू राहिला. चोळमंडळात मात्र तो दुष्काळ व युद्ध यांच्याबरोबर उसळे आणि सुगीबरोबर ओसरे. धान्य महाग झाले की माणूस स्वस्त होई. विकणाऱ्यांत स्थानिक दलाल होते, तसेच पोटची पोरे जगावीत म्हणून त्यांना विकणारे आईबापही होते. त्यांच्या भोवतीच्या समाजात शेतमजुराला जमिनीबरोबर विकण्याची वा गहाण टाकण्याची रीत आधीपासून होतीच. युरोपीयांनी या भूमीत दास्य आणले असे म्हणणे सोयीचे आहे, खरे नाही. त्यांनी जहाज आणले, हिशेबाची वही आणली आणि दास्याला समुद्रापारची बाजारपेठ मिळवून दिली.

१६५९ ते १६६१ या काळात तंजावर प्रांत विजापूरच्या स्वाऱ्यांनी उद्ध्वस्त झाला आणि नागपट्टणम्, पुलिकत व आसपासच्या बंदरांत डचांनी आठ ते दहा हजार माणसे खरेदी केली. त्यांतील बहुतेकांना सिंहलद्वीपात धाडण्यात आले. या स्वाऱ्यांत शहाजीराजे आदिलशाहीचे सरदार म्हणून वावरत होते. पुत्राच्या कर्नाटक मोहिमेचे वर्णन करताना ही पार्श्वभूमी नजरेआड करून चालणार नाही.

१६७७ साली शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले. जिंजी घेतली, वेलोरला वेढा पडला. मद्रासच्या इंग्रजांनी घाबरून नजराणे व औषधी पाठवल्या. जॉर्ज टाउनमधील कालिकांबाळ मंदिरात महाराजांनी त्याच वर्षी दर्शन घेतले, असे तेथे आजही अभिमानाने सांगितले जाते. या नजराण्यांच्या व दर्शनाच्या कथा मराठी वाचकास परिचित आहेत. त्याहून अधिक मोलाचा कागद मात्र डचांच्या दप्तरात पडून राहिला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये महाराजांनी डचांना जो कौल दिला, त्यात व्यापाराच्या सवलतींबरोबर एक कलम आहे. पूर्वीच्या मुसलमानी अमलात तुम्हांस येथे स्त्री-पुरुष गुलाम विकत घेऊन नेता येत होते; माझी सत्ता या मुलखावर आहे तोवर ते घेता येणार नाहीत, नेताही येणार नाहीत; तसा यत्न केल्यास माझी माणसे तो हाणून पाडतील, असा त्याचा आशय आहे.

हे कलम वाचून भारावून जाणे सोपे आहे. इतिहासकाराला मात्र थोडे थांबावे लागते. कलमात कारण दिलेले नाही. कष्टकरी रयत मुलखाबाहेर जाऊ नये, हा राज्यकर्त्याचा व्यवहारही त्यामागे असू शकेल. पण केवळ व्यवहारच असता तर जकात बसवून पैसा उभा करण्याचा मार्ग मोकळा होता, आणि इतरांनी तो पत्करलाही. येथे सूट नाही, दर नाही, अपवाद नाही. सतराव्या शतकात एखाद्या सत्ताधीशाने युरोपीय कंपनीला इतक्या निःसंदिग्धपणे नकार दिल्याची उदाहरणे थोडीच सापडतात.

आणि तरीही अवघ्या अकरा वर्षांनी, १६८८ मध्ये, दुष्काळाच्या छायेत तंजावर प्रांतातील हजारो माणसे, बहुतांशी मुली व लहान मुलगे, नागपट्टणम्‌च्या बंदरातून आशियाई व्यापाऱ्यांच्या जहाजांवर आचे, जोहोरकडे गेली. तेव्हा तंजावरच्या गादीवर महाराजांचेच पुतणे, व्यंकोजींचे पुत्र शहाजी होते. पुढे पेशवाईत पुण्यात कुणबिणींचे क्रयविक्रय सरकारी दप्तरात नोंदले गेले. १६७७ च्या कौलाचा वारसा सांगणाऱ्यांनी हा वारसाही आपलाच म्हणावयास हवा.

इंग्रजांनी १६३९ साली मद्रासची जागा मिळवली. १६८३ मध्ये तेथील कौन्सिलने गुलामांच्या निर्यातीस बंदी केली होती, पण ती टिकली नाही. १६८७ साली औरंगजेबाच्या फौजा गोवळकोंड्यास वेढा घालून बसल्या असता दुष्काळाने गांजलेली माणसे किनाऱ्याकडे लोटली आणि व्यापार पुन्हा खुला झाला, डोईमागे एक होन जकात घेऊन. त्या वर्षी एकट्या सप्टेंबरात सेंट जॉर्ज किल्ल्यातून ६६५ माणसे बाहेर गेली. पुढच्या वर्षी मोगलांनी हरकत घेतली तेव्हा बंदीचा हुकूम पुन्हा निघाला.

या वेळी किल्ल्याचा गव्हर्नर होता एलिहू येल. युरोपकडे जाणाऱ्या जहाजाने किमान दहा गुलाम न्यावेत, हा नियम त्याच्या अमलात पाळला गेला; चोरीचा आरोप असलेल्यांना फटके व डाग देऊन परदेशी दास्यात धाडण्याच्या शिक्षाही त्याने फर्मावल्या. मद्रासमध्ये गडगंज होऊन तो इंग्लंडला परतला. १७१८ साली अमेरिकेतील कनेटिकटच्या एका लहानशा विद्यालयास त्याने मालाचे नऊ गठ्ठे, ४१७ पुस्तके व राजाचे एक चित्र पाठवले. मालाच्या विक्रीतून आलेल्या पैशाने विद्यालयाची इमारत उभी राहिली आणि विद्यालयाने त्याचे नाव धारण केले. तेच आजचे येल विद्यापीठ. २०२४ साली या विद्यापीठाने गुलामगिरीशी असलेल्या आपल्या संबंधांबद्दल जाहीर क्षमा मागितली. त्याच्या संग्रहात येलचे एक समूहचित्र आहे. त्यात मद्य पिणाऱ्या सरदारांच्या मागे एक काळा मुलगा उभा आहे आणि त्याच्या गळ्यात कुलूप लावलेले चांदीचे कडे आहे.

पण अटलांटिकच्या व्यापाराशी मद्रासचा खरा संबंध माणसांपेक्षा कापडाने जोडला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांचे मोल पुष्कळदा कापडातच चुकवले जाई, आणि तेथील ग्राहक चोखंदळ होता. त्याला चोळमंडळाचे निळे कापड व चौकड्यांचे रुमाल हवे असत. एका प्रकाराला तर ‘गिनी कापड’ असेच नाव पडले. लंडनला उतरलेला हा माल लिलावात विकला जाऊन आफ्रिकेकडे रवाना होई. कांचीपुरम् वा पुलिकतच्या परिसरातील विणकराला आपल्या मागावरील कापडाच्या मोबदल्यात कोण विकले जाणार आहे, याची कल्पनाही असण्याचे कारण नव्हते. मार्टिनिक व ग्वादलूप बेटांवर गुलामांच्या वंशजांनी हीच चौकडी डोक्याला बांधली आणि तिला ‘मद्रास’ हेच नाव राहिले. सणासुदीच्या पोशाखात ते कापड तेथे आजही मानाने मिरवते.

कायद्याने ही कथा १८४३ साली संपली. त्या वर्षीच्या पाचव्या अधिनियमाने कंपनीच्या मुलखात दास्याला न्यायालयांचा आधार उरला नाही. परंतु ब्रिटिश वसाहतींतील गुलाम १८३४ नंतर मुक्त होऊ लागताच मळेवाल्यांची नजर पुन्हा मद्रासकडे वळली होती. या वेळी होन नव्हते, करारपत्र होते. अंगठा उठवून पाच वर्षांची मजुरी. ‘ट्रुरो’ नावाचे जहाज मद्रासहून निघून १६ नोव्हेंबर १८६० रोजी नाताळमधील डर्बन बंदरास लागले आणि त्यातून गिरमिटियांची पहिली तुकडी उतरली. त्यांच्याच वंशजांमध्ये आणि पुढे आलेल्या गिरमिटियांमध्ये तीन दशकांनंतर मोहनदास गांधी वकिली करण्यास गेले.

येलचा मुलगा डेव्हिड बालपणीच मद्रासला वारला. त्याची समाधी उच्च न्यायालयाच्या आवारात होती आणि पुरातत्त्व खात्याने ती संरक्षित स्मारक म्हणून नोंदवली होती. २०२३ साली वाहनतळाच्या बांधकामाला तिचा अडसर होत असल्याने प्रकरण न्यायालयापुढे गेले आणि ती तेथून हलवावी असा निर्णय एका न्यायमूर्तींनी दिला.