लोफोटेनची लाल खोपटं

बाराव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या गादीवर भाऊभाऊ एकाच वेळी राजे होते. सिगुर्द 1107 साली जहाजांचा तांडा घेऊन जेरुसलेमकडे निघाला आणि लढाया जिंकून नाव कमावून परतला. ओयस्टाइन घरीच राहिला. जुन्या सागांमध्ये या दोघांच्या बढायांचा एक फर्मास प्रसंग आहे. एक आपल्या लढाया सांगतो, दुसरा आपली बांधकामं. पार उत्तरेला लोफोटेन बेटांवर, वोगान इथे, ओयस्टाइनने चर्च बांधलं आणि मासेमारांसाठी खोपट्या उभारल्या. मला विचाराल तर बाजी घरी राहिलेल्यानेच मारली. जेरुसलेमची स्वारी संपली. खोपट्यांचं भाडं लोक अजून भरताहेत.

त्या भरणाऱ्यांत यंदा आम्हीही. मुलगी-जावई ट्रोन्हाइमला असतात. जावईबापूंनी केबिनची यादी पाठवली: समुद्रात खांब रोवून उभी केलेली लाल लाकडी घरं, खिडकीखाली पाणी, मागे सुळक्यांसारखे डोंगर, आत तापवलेली जमीन आणि भांडी धुण्याचं यंत्र. दोन खोल्या, चार माणसं. मी शाळेत पस्तीस-एक वर्षं इतिहास शिकवलेला, त्यामुळे मला पहिला प्रश्न पडला तो हा, की या दोन खोल्यांत पूर्वी किती जण झोपायचे?

दहा-बारा. बाहेरच्या खोलीत जाळी, दोर, आमिष, पिंपं. आतल्या खोलीत चूल आणि भिंतीला ठोकलेल्या दुमजली फळ्या. एका फळीवर दोघे. ओले लोकरी कपडे चुलीवर वाळत घातलेले, त्यात माशाच्या यकृताच्या तेलाचा वास. या घरांना रोर्बू म्हणतात, आणि ती सुट्टीसाठी तर सोडाच, उन्हाळ्यासाठीही नव्हती. जानेवारी ते एप्रिल या दिवसांत बॅरेंट्स समुद्रातला कॉड अंडी घालायला या बेटांलगतच्या व्हेस्टफ्योर खाडीत उतरतो. बेटं आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, पण अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे तिथला समुद्र गोठत नाही. म्हणून किनाऱ्या-किनाऱ्याने शेकडो मैलांवरून शेतकरी उघड्या शिडाच्या होड्या हाकत इथे येत. घरून आणलेल्या पेटीत भाकऱ्या, लोणी, सुकं मटण. गोठा, मुलं आणि म्हातारी माणसं बायकांवर सोडलेली. (मासेमारीच्या इतिहासात या बायकांना एखादा परिच्छेद मिळतो, तोही शेवटी.) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका हंगामात इथे तीस हजारांवर माणसं जमत.

मासा मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगून वाळवायचा. थंड वाऱ्यात त्याचं वजन पाचव्या हिश्श्यावर येतं आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. हा सुका कॉड बर्गनमार्गे साऱ्या युरोपात जाई. 1432 च्या जानेवारीत पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा व्यापारी जहाज फुटून रोस्ट बेटाजवळ लागला. मासेमारांनी त्याला आणि त्याच्या सोबत्यांना महिनोन्महिने पोसलं. इटलीत सुक्या कॉडची गोडी लागली ती तेव्हापासून, असं सांगतात. आजही लोफोटेनच्या चांगल्या सुक्या माशाचं मोठं गिऱ्हाईक इटलीच.

आता खोपट्यांच्या मालकाकडे वळते, कारण खरी गोष्ट त्याच्यापाशी आहे. राजाच्या खोपट्या कधीच गेल्या. पुढे मासेमारी गावाची जमीन, धक्का, दुकान आणि खोपट्या असं सगळं एकाच धन्याचं असे. आमच्या कोकणातल्या खोताची आठवण व्हावी असा हा माणूस; फरक इतकाच, की त्याचं शेत पाण्यात होतं. निवारा त्याचा, म्हणून मासा त्यालाच घालायचा. भाव त्याचा, उधारी त्याच्याच दुकानात. 1816 च्या कायद्याने तर गावासमोरचा समुद्रही वाटून दिला: ज्याच्या खोपटात झोपायचं त्याच्याच पाण्यात जाळं टाकायचं. बाहेर उणे तापमान आणि काळोख असताना ज्याच्या हाती छप्पर, त्याला वेगळा लगाम लागत नाही. 1857 च्या कायद्याने समुद्र सगळ्यांना मोकळा केला आणि देखरेख सरकारकडे गेली. छप्पर मात्र धन्याकडेच राहिलं.

1890 साली ट्रोलफ्योरात वाफेच्या बोटींनी अरुंद खाडीचं तोंड जाळ्यांनी अडवलं आणि आतला सगळा मासा आपला म्हटलं. होडीवाले वल्ही, दगड, आकडे, हाताला लागेल ते घेऊन तुटून पडले. लोफोटेनमधल्याच स्वोल्वेरचा चित्रकार गुन्नार बर्ग याने ती लढाई रंगवली. होडीवाल्यांनी ती जिंकली, पण यंत्र काही थांबलं नाही. विसाव्या शतकात इंजिनाच्या, वर डेक असलेल्या बोटी आल्या आणि माणसं बोटीतच झोपू लागली. खोपट्या ओस पडल्या, काही कोसळल्या.

1960 च्या दशकात उन्हाळी पाहुण्यांना त्या भाड्याने देणं वाढलं. 1975 च्या युरोपीय वास्तुवारसा वर्षात नॉर्वेने नमुना म्हणून निवडलेल्या ठिकाणांत नुसफ्योर हे मासेमारी गाव होतं. फळ्या गेल्या, गाद्या आल्या. 2007 पासून बोटीवर न चढता मोटारीने थेट मुख्य भूमीवरून येता येतं, आणि जुलैत तर खोली मिळण्याची मारामार.

जावईबापूंना जुलैच हवा आहे, मध्यरात्रीच्या सूर्यासाठी. मी मार्चवर अडून बसले आहे. मांडवांवर मासा टांगलेला असेल, बोटी पहाटे निघत असतील, तेव्हा त्या खोल्यांना काही अर्थ. स्वोल्वेरला मार्चअखेर कॉड पकडण्याची जागतिक स्पर्धा असते, तो आठवडा टाळायचा. मुक्काम काबेलवोगला, कारण ओयस्टाइनचा वोगान तो हाच, आणि गावधन्याचा 1815 सालचा वाडा तिथे संग्रहालय म्हणून उभा आहे. मी म्हटलं, पहिल्या दिवशी वाडा बघू, मग खोपटात शिरू.

"आई, वाड्यातच राहायची सोय नाही का?" जावईबापूंनी विचारलं. मुलीने त्यांना कोपराने ढोसलं आणि चौकशीचं पत्र पाठवून टाकलं, मार्चच्या पहिल्या आठवड्याचं.