कामठीचा दगड

कन्हानकाठी १८२१ साली इंग्रजांनी छावणी वसवली आणि कामठी वाढू लागली. छावणीमागून व्यापारी आले. पुढे विणकर आणि विडी कामगारांच्या वस्त्या झाल्या. विडी कामगारांना संघटित करणारे बाबू हरदास (१९०४-१९३९) इथलेच. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. एवढे वर्गात सांगितले जाते, निदान जावे. पायाखालचा इतिहास मात्र राहून जातो.

कामठी आणि शेजारच्या सिलेवाड्याच्या दगडखाणींत स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याला दगडात उमटलेली, जिभेच्या आकाराची पाने सापडली. वनस्पतीचे नाव ग्लॉसोप्टेरिस. हंटर या सहकाऱ्याबरोबर त्याने १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर निबंध प्रसिद्ध केला. १८६३ मध्ये तो बुडून मरण पावला. अशीच पाने दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अगदी अंटार्क्टिकातही मिळाली. तिची जड बीजे वाऱ्याबरोबर महासागर कशी ओलांडणार? हे भूभाग एकेकाळी एकमेकांना जोडलेले होते, याचा हा एक भक्कम पुरावा ठरला. या वालुकाश्माला भूशास्त्रात ‘कामठी’ हेच नाव आहे!

सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेली वाळू दाबली जाऊन हा दगड बनला. कन्हानच्या पात्रातली मूठभर वाळू आणि या दगडाचा तुकडा भिंगाखाली शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना दाखवावा. आम्ही हे करतो तेव्हा ‘मग या वाळूचाही दगड होईल का?’ हा प्रश्न हमखास येतो. होईल, पण ती पात्रात राहिली तर. उपसून ट्रकमध्ये भरलेली नव्हे.