केबलची तार आणि गावचा रस्ता

आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. आपल्या घरी टीव्हीची केबल येते, ती रस्ता ओलांडून येते. तो रस्ता गावाचा, म्हणजे नगरपालिकेचा. मग तो वापरल्याबद्दल केबलवाल्यानं गावाला काय दिलं? या प्रश्नाला अमेरिकेत एक उत्तर मिळालं, आपल्याकडे दुसरंच.

आधी अमेरिका पाहू. १९४८ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांतल्या डोंगराळ गावांत टीव्ही नीट दिसत नसे. कुणीतरी टेकडीवर उंच अँटेना उभारायचा आणि तिथून घरोघरी तारा न्यायचा. तारा न्यायच्या म्हटलं की खांब आले, रस्ते आले, आणि तिथेच नगर परिषदेचा संबंध आला. परिषदेच्या या परवानगीला फ्रँचाइझ म्हणतात. तिच्याबरोबर हळूहळू अटी आल्या: मुदत किती, कोणत्या वस्त्यांपर्यंत तार न्यायची, उत्पन्नातला वाटा किती.

१९७० मध्ये न्यूयॉर्क शहरानं मॅनहॅटनसाठी दोन कंपन्यांशी करार केले. त्यात काही वाहिन्या सर्वसामान्य नागरिकांसाठी राखून ठेवायची अट होती. जुलै १९७१ पासून त्या सुरू झाल्या. कुणीही यावं, आपला कार्यक्रम दाखवावा. रस्त्याच्या मोबदल्यात शहरानं लोकांसाठी बोलायची जागा मागून घेतली, असं आपण म्हणू शकतो.

पण परवाना देण्याची सत्ता आली की तिचा बाजारही होतो. त्याच १९७१ मध्ये टेलिप्रॉम्प्टर या मोठ्या केबल कंपनीचे प्रमुख आयर्विंग कान यांना जॉन्सटाउन शहराच्या लोकप्रतिनिधींना लाच दिल्याबद्दल दोषी ठरवण्यात आलं. तेव्हा स्थानिक सत्ता म्हणजे आपोआप लोकांची सत्ता, असं समजायचं कारण नाही.

पुढे केंद्र सरकार मध्ये आलं. केंद्रीय दळणवळण आयोगानं १९७२ मध्ये अशा वाहिन्या मोठ्या टीव्ही बाजारपेठांतल्या केबल कंपन्यांना सक्तीच्या केल्या, पण १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आयोगाला तो अधिकारच नाही. मग १९८४ च्या कायद्यानं तडजोड केली. अशा वाहिन्या मागण्याचा अधिकार शहरांना स्पष्टपणे मिळाला, पण शुल्काला केबल सेवेच्या एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांची मर्यादा पडली आणि दरांवरचा ताबा बहुतेक ठिकाणी गेला. दर वाढले, लोक चिडले. १९९२ च्या कायद्यानं प्राथमिक सेवेच्या दरांवरचं नियंत्रण काही प्रमाणात परत आणलं आणि एकाच कंपनीला मक्ता देण्यास बंदी केली.

आता आपल्याकडे या. १९९१ च्या आखाती युद्धानंतर आपल्याकडे केबल झपाट्यानं पसरली, ती या गच्चीवरून त्या गच्चीवर, झाडावरून, विजेच्या खांबावरून. परवानगी मागायची कुणाकडे, हाच प्रश्न होता. १९९५ चा केबल कायदा आला, त्यात तेव्हा नोंदणी मुख्य टपाल कार्यालयात होती आणि कारवाईचा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत, पोलीस आयुक्त यांच्याकडे. महाराष्ट्रात करमणूक शुल्क तेव्हा राज्य सरकारचं होतं. परवाना देणारी म्हणून नगरपालिकेला या कायद्यात जागाच नव्हती.

त्याचा परिणाम काय? दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणं कायद्यानं सक्तीचं झालं. वॉर्डातल्या लोकांसाठी वाहिनी ठेवायची सक्ती मात्र कुठेच नव्हती. पालिकेची सभा घरबसल्या पाहता यावी, ही अट घालू शकेल असं कुणी करारात नव्हतंच. लोंबकळत्या तारांची तक्रार मात्र पालिकेकडेच येत राहिली.

आज त्याच रस्त्याखालून फायबर जातं. खोदकाम झालं की आपण खड्डा कधी बुजवणार एवढंच विचारतो. रस्ता आपला आहे, तर त्याच्या बदल्यात गावाला काय मिळालं, हेही नगरसेवकाला विचारायला हवं.