शिरोड्याचे मीठ

स्फटिक निसर्गात कसा घडतो, हे वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याच्या मिठागरांत उघड्या डोळ्यांनी पाहता येते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग मिठाचा असतो. पावसाळा सरला की बांध सावरून भरतीचे पाणी आत घेतात आणि एका खाचरातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवतात. आटताना क्षार पाळीपाळीने बाहेर पडतात. आधी चुन्याचे, मग जिप्सम. मूळ पाण्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरला की मीठ धरू लागते. मॅग्नेशियमचे कडू क्षार मात्र उरल्या पाण्यातच राहतात. म्हणून मीठ वेळीच ओढून घ्यावे लागते, नाहीतर ते कडवट होते आणि हवेत पाझरते.

वारा पडलेला असला की पहिला कण पाण्याच्या पृष्ठभागावरच धरतो. क्षार कडांना जास्त मिळतात, मध्याला कमी. त्यामुळे कडा भराभर वाढतात, मध्य मागे राहतो आणि कण भाराने हळूहळू दबत असताना पायऱ्यापायऱ्यांचा पोकळ, उलटा पिरॅमिड तयार होतो. पाणी जरा हलले की तो बुडतो आणि तळाशी वाढत राहतो. वाढ संथ असेल तर खडा मोठा होतो, घाईत बारीक चुरा पडतो. खडा फुटला तरी तुकड्यांचे कोपरे काटकोनीच निघतात. सोडियम आणि क्लोरीनचे भारित कण तिन्ही दिशांना एकाआड एक रचलेले असतात, हे त्याचे कारण. ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना १९१३ मध्ये उलगडली.

या खड्यावरून राज्यकर्त्यांची धोरणे ठरली. बारदेशातले पोर्तुगीज अमलाखालचे मीठ स्वस्त पडत असे. ते आले तर आपल्या मुलखातले मीठ पडून राहील, हे ओळखून शिवाजी महाराजांनी डिसेंबर १६७१ मध्ये कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवण्याचा हुकूम दिला. स्थानिक आगरांना दिलेले हे संरक्षण दूरदृष्टीचे होते.

इंग्रजांच्या काळात पारडे उलटले. १८८२ च्या कायद्याने परवान्याशिवाय मीठ करणे गुन्हा ठरले. उन्हाळ्यात खडकांच्या खळग्यांत लाटांचे पाणी आटून मीठ आपोआप धरते. किनाऱ्यावरच्या गरिबाला तेही उचलण्याची मोकळीक नव्हती. जे सूर्य फुकट घडवतो त्यावर कर, हा अन्याय कोणालाही समजावून सांगावा लागला नाही. दांडीच्या मीठ सत्याग्रहानंतर महिन्याहून थोड्या अधिक काळाने, १२ मे १९३० रोजी, शिरोड्यात सत्याग्रह सुरू झाला. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या स्वयंसेवकांनी मीठ उचलले, लाठ्या आणि तुरुंगवास सोसला. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरच्या लोकांना घरापुरते मीठ घेण्याची सवलत मिळाली. कर गेला तो १९४७ मध्ये.

जेवणासाठी बाजारात विकायच्या मिठात आज आयोडीन लागते. जाडे मीठ कोकणात अजून मासे खारवायला आणि माडांच्या बुंध्याशी घालायला वापरतात.