हृदय जाड का होते : एका शोधाचा इतिहास

प्रमाणाबाहेर वाढलेले हृदय शवविच्छेदनात डॉक्टरांना फार पूर्वीपासून दिसत होते. नेपोलियनचे वैद्य कॉर्व्हिसार यांनी 1806 च्या आपल्या ग्रंथात भिंत जाड होऊन वाढलेले आणि भिंत पातळ होऊन फुगलेले, असे दोन प्रकार वेगळे केले. पुढे 1836 मध्ये लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांना मूत्रपिंडाच्या रुग्णांत, झडपा धडधाकट असूनही, डावा कप्पा जाडावलेला आढळला.

प्रौढ हृदयाच्या स्नायुपेशी सहसा विभागत नाहीत. हृदय जाड होते ते एकेक पेशी मोठी झाल्यामुळे. वाढलेल्या रक्तदाबाचा भार जाड भिंतीत वाटला जातो, हे विल्यम ग्रॉसमन यांनी 1975 मध्ये मोजून दाखवले आणि ही वाढ म्हणजे शरीराने केलेली सोयच आहे, हा समज पक्का झाला. त्याला मोठा धक्का बसला 1990 मध्ये. डाव्या कप्प्याचे वजन जितके जास्त, तितका हृदयविकाराने मृत्यूचा धोका जास्त, आणि रक्तदाबाचा हिशेब वजा केला तरी तो उरतोच, असे अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या पाहणीत दिसले.

मग पेशीला वाढण्याची सूचना देते कोण? सॅन फ्रान्सिस्कोचे पॉल सिम्पसन नवजात उंदरांच्या हृदयपेशी काचेच्या बशीत वाढवत. त्यांत नॉरएपिनेफ्रिन हे संप्रेरक घातले की पेशींची संख्या तेवढीच राही, आकार मात्र वाढे. ही सूचना पेशीवरील अल्फा-1 ग्राहकातून आत जाते, हे त्यांनी 1983 मध्ये दाखवले. दहा वर्षांनी सादोशिमा आणि इझुमो यांनी केलेला प्रयोग या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा म्हणावा लागेल. त्यांनी ताणता येणाऱ्या सिलिकॉनच्या पडद्यावर पेशी वाढवून पडदा ताणला. ताणलेल्या पेशींनी स्वतःच अँजिओटेन्सिन-2 हे रक्तदाब वाढवणारे संप्रेरक बाहेर सोडले. त्यांच्याभोवतीचा द्रव न ताणलेल्या पेशींवर घातला, तर त्यांच्यातही वाढीच्या खुणा उमटल्या.

आतला मार्ग 1998 मध्ये डॅलसच्या एरिक ओल्सन यांच्या प्रयोगशाळेत जेफ्री मॉल्केन्टिन आणि सहकाऱ्यांनी उलगडला. पेशीत कॅल्शियम वाढले की कॅल्सिन्युरिन हे विकर जागे होते आणि एनफॅट या प्रथिनावरचा फॉस्फेट काढून टाकते. मोकळे झालेले एनफॅट केंद्रकात शिरते, तिथे गाटा-4 या दुसऱ्या प्रथिनाशी जोडी जमवते आणि गर्भावस्थेनंतर निजलेली जनुके पुन्हा चालू करते. ज्या उंदरांच्या हृदयात हे विकर कायम जागे ठेवले, त्यांची हृदये दुप्पट-तिप्पट झाली आणि पुढे निकामी होऊ लागली. प्रत्यारोपणानंतर देतात त्या, कॅल्सिन्युरिनला अडवणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाने ही वाढ रोखली गेली.

यावर वाद पेटला. महाधमनी आवळून रक्तदाब वाढवलेल्या प्राण्यांत काही प्रयोगशाळांना सायक्लोस्पोरिनचा गुण दिसला, काहींना मुळीच दिसला नाही. 2002 मध्ये कॅल्सिन्युरिनचा एक प्रकार नसलेले उंदीर तयार झाले. त्यांची हृदये दाबाखाली कमी वाढली आणि मूळ दाव्याला बळ मिळाले. त्याच वर्षी हॉवर्ड रॉकमन यांच्या गटाला आढळले, की दाब असूनही जाड न झालेल्या उंदरांच्या हृदयाचे काम उलट चांगले टिकते. भिंत जाड होणे ही सोय, हा जुना समज इथे डळमळला.

सायक्लोस्पोरिन मूत्रपिंडाला अपाय करते आणि रक्तदाबही वाढवते, त्यामुळे माणसांत या कामासाठी ते रुजले नाही. उपयोगी पडला तो अँजिओटेन्सिनचा धागा. 2002 मध्येच प्रसिद्ध झालेल्या, नऊ हजारांहून अधिक रुग्णांच्या 'लाइफ' चाचणीत अँजिओटेन्सिनला अडवणाऱ्या लोसार्टनने डाव्या कप्प्याची जाडी अटेनोलॉल या रक्तदाबावरच्या दुसऱ्या औषधापेक्षा जास्त कमी केली. दोन्ही गटांतला रक्तदाब जवळपास सारखाच उतरला होता.