चतुर्विध दान आणि विद्यार्थी वसतिगृहे : कोल्हापूर ते सातारा

जैन परंपरेने श्रावकाच्या आचारधर्मात दानाला मोठे स्थान दिले आहे. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही चार दाने प्रत्येक श्रावकाला बालपणापासून ठाऊक असतात. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात आहार व औषध यांच्या जोडीला उपकरण आणि आवास यांचाही समावेश केला आहे. या दानांचा मूळ संदर्भ मुनिजनांच्या सेवेचा आहे. तथापि विसाव्या शतकाच्या प्रारंभी दक्षिण महाराष्ट्रातील समाजधुरिणांनी हीच वृत्ती गरजू विद्यार्थ्यांकडे वळविली आणि त्यातून वसतिगृहांची, म्हणजेच बोलीभाषेतील 'बोर्डिंगां'ची, परंपरा उदयास आली. उच्च शिक्षणातील विद्यार्थी साहाय्य, नेतृत्व आणि संघकार्य यांविषयी आज बरेच बोलले जाते. या तिन्हींचा पाया आपल्याकडे वर्गात नव्हे, तर बोर्डिंगच्या भोजनगृहात घातला गेला, हे या इतिहासावरून ध्यानात येते.

शिक्षणाच्या वाटेवरील पहिला अडसर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटक सीमाभागातील जैन समाज प्रामुख्याने शेतीवर उपजीविका करणारा होता. खेड्यात चार इयत्ता शिकलेल्या मुलाला पुढील शिक्षणासाठी कोल्हापूर, बेळगाव किंवा पुणे गाठावे लागे. फी ही अडचण होतीच. परंतु त्याहून मोठा प्रश्न राहण्याचा आणि जेवणाचा होता. वार लावून जेवण्याची किंवा माधुकरीची सोय शेतकरी समाजातील मुलांना सहसा लाभत नसे. त्यात जैन कुटुंबातील मुलाला सूर्यास्तापूर्वी भोजन, गाळलेले पाणी आणि कंदमुळांचा त्याग हे नियम पाळावयाचे असत. परक्या शहरात हे कसे जमणार, या विवंचनेपोटी कित्येक आईबापांनी हुशार मुलांना पुन्हा नांगराला जुंपले असेल.

हा अडसर ज्यांनी अचूक ओळखला त्यांत राजर्षी शाहू महाराजांचे नाव अग्रभागी येते. कोल्हापुरात त्यांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना केली आणि त्यानंतर निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा, अनुदान व प्रोत्साहन दिले. दरबाराने पाठबळ द्यावे आणि समाजाने स्वतःच्या कार्यकर्त्यांमार्फत कारभार पाहावा, अशी ही रचना होती. त्यामुळेच कोल्हापूरला 'वसतिगृहांची जननी' हा लौकिक प्राप्त झाला.

सभा आणि तिचे बोर्डिंग

जैन समाज या कार्यास आधीच सिद्ध झाला होता. १८९९ साली स्तवनिधी क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. शिक्षणप्रसार हे तिचे प्रधान उद्दिष्ट होते. १९०१ साली कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले व पुढे सांगली, बेळगाव, हुबळी आदी ठिकाणीही सभेची वसतिगृहे उभी राहिली. याच काळात मुंबईत दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी जैन विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय केली होती, तर आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने १९१५ साली मुंबईतच श्री महावीर जैन विद्यालयाची स्थापना झाली. दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही आम्नायांना एकाच गरजेची जाणीव झाली होती, हे लक्षणीय आहे.

कोल्हापूरच्या बोर्डिंगला अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे यांच्यासारखे उच्चविद्याविभूषित नेतृत्व लाभले. कुरुंदवाडच्या या सुपुत्राने इंग्रजीतून जैन धर्माचा परिचय करून देणारा ग्रंथ लिहिला, राजाराम महाविद्यालयात अध्यापन केले आणि पुढे १९३७ साली बाळासाहेब खेर यांच्या मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्रिपद भूषविले. अशा योग्यतेच्या माणसाने मुलांच्या पंगतीकडे, अभ्यासाच्या वेळांकडे आणि आचरणाकडे जातीने लक्ष द्यावे, ही त्या पिढीच्या समाजनिष्ठेची साक्ष आहे. आहार, औषध, उपकरण आणि आवास ही चारही दाने एका छपराखाली आली होती.

नियम आणि विद्यार्थी

१९०२ च्या सुमारास या बोर्डिंगात कुंभोज येथे जन्मलेला भाऊराव पायगोंडा पाटील हा विद्यार्थी दाखल झाला. अभ्यासात त्याची गती बेताचीच होती. कुस्ती आणि मित्रमंडळी यांत मन रमे. परंतु अन्याय दिसला की हा मुलगा गप्प बसत नसे. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव उपस्थित राहिले. परतल्यावर स्नान करूनच बोर्डिंगात प्रवेश करावा, असा आग्रह धरण्यात आला. भाऊरावांनी त्यास नकार दिला. पंगतीत सोवळे नेसण्याच्या नियमावरूनही त्यांचे खटके उडत. अखेर शिस्तभंगाच्या कारणावरून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्यावेळी व्यवस्थेचे प्रमुख लठ्ठेच होते.

या प्रसंगाकडे एकांगी दृष्टीने पाहणे उचित नाही. सोवळेओवळे हा त्या काळच्या घराघरातील आचार होता. बोर्डिंगात तो पाळला जातो, या विश्वासावरच आईबाप मुले धाडीत आणि दाते देणग्या देत. व्यवस्थापकाला संस्था टिकवावयाची होती. मात्र ज्या संस्थेने शेकडो मुलांना आधार दिला, तिला आपला सर्वांत तेजस्वी विद्यार्थी सांभाळता आला नाही, हेही तितकेच खरे आहे. अन्न, औषध, पुस्तके आणि निवारा देऊनही एक दान द्यावयाचे राहिले. प्रामाणिकपणे वेगळे मत मांडणाऱ्या मुलाला 'तुझे स्थान अबाधित आहे' असे सांगणारे अभयदान त्याला मिळाले नाही. ते काही काळ शाहू महाराजांनी दिले. भाऊरावांना राजवाड्यावर आश्रय मिळाला.

विद्यार्थ्याने दिलेले अभय

पुढे जे घडले ते या इतिहासाचे मर्म होय. १९१४ साली कोल्हापुरात राजपुतळ्यांना डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. संशयाचा रोख लठ्ठे यांच्याकडे वळविण्यात आला आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. बोर्डिंगातून काढल्याचा राग या तरुणाच्या मनात असेल आणि तो सहज बोलेल, अशी दडपण आणणाऱ्यांची अटकळ असावी. परंतु भाऊरावांनी खोटी साक्ष देण्यास ठाम नकार दिला. त्यांना कोठडीत डांबण्यात आले, त्यांचा अतोनात छळ झाला, तो असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. पण असत्य त्यांच्या मुखातून आले नाही.

ज्या विद्यार्थ्याला बोर्डिंगाने दूर केले, त्यानेच बोर्डिंगाच्या प्रमुखाचे रक्षण केले. सत्य आणि क्षमा हे दशलक्षण धर्मातील दोन धर्म प्रवचनांतून दरवर्षी ऐकावयास मिळतात. भाऊरावांनी ते कोठडीत आचरून दाखविले. लठ्ठे यांचे मोठेपणही येथे नोंदविले पाहिजे. या प्रकरणामुळे त्यांना कोल्हापूर सोडावे लागले, तरी १९२४ साली त्यांनीच शाहू महाराजांचे विस्तृत इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. मनात कटुता धरून बसण्याइतके त्या पिढीचे ध्येय लहान नव्हते.

साताऱ्याचे नवे घर

भाऊरावांनी उपजीविकेसाठी शिकवण्या घेतल्या, किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत गावोगाव पायपीट केली आणि खेड्यातील दैन्य डोळ्यांनी पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशा सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहू लागली, एकाच पंगतीत जेवू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. कोल्हापुरात उंबरठ्यावर जो प्रश्न उभा राहिला होता, त्याचे उत्तर साताऱ्याच्या पंगतीने दिले.

या घराचा कारभार एकट्या भाऊरावांच्या बळावर चालला नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई परंपरानिष्ठ जैन कुटुंबातून आलेल्या होत्या. त्यांनी सर्व जातींच्या मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे जवळ केले, त्यांची दुखणीखुपणी काढली आणि कोठीतील धान्य संपले तेव्हा अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडावयास दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. मुले स्वतः दळीत, पाणी भरीत, स्वयंपाक करीत. गावकरी मूठमूठ धान्य देत. पुढे शिकून मोठे झालेले विद्यार्थी आजीव सेवक बनून संस्थेकडे परतले. नेतृत्व म्हणजे एका व्यक्तीची आज्ञा नव्हे, तर अनेकांनी वाटून घेतलेले ओझे होय, हे या घराने दाखवून दिले.

महाविद्यालयापर्यंतची वाटचाल

१९३२ साली पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस सुरू झाले. उच्च शिक्षणासाठी पुण्यास जाणाऱ्या ग्रामीण मुलांना त्याचा आधार मिळाला. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज स्थापन झाले आणि 'कमवा व शिका' हे तत्त्व महाविद्यालयीन शिक्षणात रुजले. विद्यार्थ्याने दिवसाचे काही तास श्रम करावे आणि त्या मोबदल्यातून शिक्षण घ्यावे, अशी ही योजना होती. यात दात्याचा उपकार नव्हता आणि विद्यार्थ्याची लाचारीही नव्हती. घेणाऱ्याचा स्वाभिमान राखणारे दान हेच श्रेष्ठ दान, हे सूत्र येथे प्रत्यक्षात उतरले. १९५४ साली कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज उभे राहिले. शाहू बोर्डिंगात वाढलेले बॅ. पी. जी. पाटील पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ९ मे १९५९ रोजी कर्मवीरांचे देहावसान झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण व पुणे विद्यापीठाची डी. लिट. हे सन्मान लाभले होते. पुणे विद्यापीठाने आपल्या 'कमवा व शिका' योजनेला कर्मवीरांचे नाव दिले आहे.

या परंपरेला शासन व विद्यापीठांनी पुढे औपचारिक रूप दिले. १९९४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने महाविद्यालये तपासण्याच्या निकषांत विद्यार्थी साहाय्य आणि नेतृत्व यांना स्वतंत्र स्थान दिले. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद झाली. समित्या आल्या, अहवाल आले. परंतु कोठीत धान्य आहे का, आजारी मुलाच्या उशाशी कोण बसले आहे आणि रुसलेल्या मुलाला परत बोलावण्यास कोण गेले आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे अहवालात मिळत नाहीत.

सुवर्णमहोत्सवी बोध

संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा कृतज्ञतेचा तसाच आत्मपरीक्षणाचाही प्रसंग असतो. कर्मवीरांचे नाव जैन समाज अभिमानाने उच्चारतो आणि तो अभिमान सार्थ आहे. मात्र त्या अभिमानात एका दुःखद आठवणीलाही जागा असावी. समाजाच्या बोर्डिंगाने हा मुलगा घडविला आणि समाजाच्या बोर्डिंगानेच त्याला दाराबाहेर केले. या दोन्ही गोष्टी एकत्र स्मरणात ठेवल्या तरच या इतिहासाचा उपयोग होईल.

शिष्यवृत्ती वाटणे, इमारत बांधणे, भोजनगृह चालविणे ही पुण्यकार्ये आहेत व ती अखंड चालावीत. त्याचबरोबर प्रत्येक वसतिगृहाच्या विश्वस्तांनी, अधीक्षकांनी आणि जुन्या विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा तरी एकत्र बसून त्या वर्षी जे विद्यार्थी मध्येच सोडून गेले त्यांची यादी वाचावी आणि ते का गेले याचा शोध घ्यावा. गुणवंतांच्या सत्काराइतकेच हेही धर्मकार्य होय. कारण त्या यादीत एखादा भाऊराव असू शकतो, आणि दरवेळी त्याला आश्रय देणारा राजा भेटेलच असे नाही.