पेटी रद्दीत गेली की परिषदही जाते



कुर्डुवाडीचा इतिहास विचारला की लोक बार्शी लाईट रेल्वे सांगतात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली सुरू झाली, १९११ ला लातूरला पोचली. तिच्या इंजिनांवर इंग्रजीत भरपूर लिहिलेलं सापडतं. कंपनीकडे कागद जपायला कारकून होते. रुळांखाली खडी भरणाऱ्या आपल्या माणसांकडे कोण होतं?

याच मार्गावर कसबे तडवळे आहे. २२-२३ फेब्रुवारी १९४१ ला तिथं महार-मांग वतनदार परिषद झाली. स्वतः बाबासाहेब आले होते. मुंबईकडून रेल्वेनं तडवळ्याला जायचं तर तेव्हा कुर्डुवाडीलाच गाडी बदलावी लागे. आपल्या भागातून कोण कोण गेलं? भाकरी कुणी बांधून दिल्या? महार आणि मांग एका मांडवात बसावेत म्हणून कोण कुणाच्या दारी गेलं? सरकारी दप्तरात वतनाची जमीन सापडेल, ही माणसं नाही. ती सापडली तर वर्गणीच्या पावतीत, एखाद्या पत्रात, घरच्या पत्र्याच्या पेटीत.

मागं अशाच एका घरी गेलो. आजोबा रेल्वेत गँगमन होते. सून म्हणाली, "घर पाडलं तवा जुनी कागदं रद्दीत घातली, दादा. बिल्ला तेवढा ठेवलाय." तिला काय बोलणार? त्या कागदांना किंमत आहे हे आपण कार्यकर्त्यांनी तिला कधी सांगितलं होतं? जयंतीच्या डीजेची पावती मात्र आपल्या फाईलमध्ये असते.

बाबासाहेबांचे कागद तरी आपोआप वाचले असं समजू नका. महापरिनिर्वाणानंतर त्यांची हस्तलिखितं वर्षानुवर्षं पेट्यांत, कोर्टकचेरीच्या ताब्यात पडून होती. १९७६ ला राज्य सरकारनं समिती नेमली, वसंत मून त्यात राबले, तेव्हा कुठं १९७९ ला पहिला खंड हाती आला. चळवळीतल्या बायकांचे तर कागदही नव्हते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून त्यांना जाऊन भेटल्या, त्यांच्या तोंडून ऐकलं, आणि 'आम्हीही इतिहास घडवला' उभं राहिलं.

आपल्याला समितीची वाट बघायची गरज नाही. विहारात एक कोरडं कपाट पुरे. मूळ कागद घरच्यांकडेच राहू द्या, आपण फोटो काढून घ्यायचे. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. जुन्या फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं नावं लिहा. ती नावं ओळखणारी, १९४१ ला लहान असलेली माणसं आता नव्वदी ओलांडून बसलीत. आधी त्यांच्याकडं जाऊ.